गोष्ट पडद्यावरची, शेजार आपला : तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे भावनिक आरोग्य आणि टीव्ही

पालकसभेत टीव्हीचा विषय निघाला की चर्चा ‘किती वेळ’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. वेळेचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मुलाने त्या वेळात काय पाहिले, पाहताना त्याच्या शेजारी कोण बसले होते आणि टीव्ही बंद झाल्यावर त्याविषयी घरात काही बोलणे झाले की नाही, हे क्वचितच कोणी विचारते. मूल कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आजीपाशी राहणारे असो की आईबाबा हिंजवडीहून परतेपर्यंत पाळणाघरात थांबणारे असो, त्याच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा आता पडद्यावरूनच येतात. राग, भीती, हेवा, विरह यांच्याशी कसे वागायचे हे त्या गोष्टींतून मुलाला उमजू शकते. मात्र त्यासाठी गोष्टीइतकाच शेजारी बसलेला मोठा माणूसही लागतो.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये ‘डॅनियल टायगर्स नेबरहुड’ ही चिमुकल्यांसाठीची मालिका सुरू झाली आणि तिचा प्रत्येक भाग एखाद्या भावनेभोवती रचलेला असतो. टेक्सास टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते सहा वर्षांच्या १२७ मुलांचे निरीक्षण केले. दोन आठवडे ही मालिका पाहणाऱ्या मुलांमध्ये दुसऱ्याचे दुःख समजून घेणे, चेहऱ्यावरची भावना ओळखणे आणि स्वतःवरचा विश्वास यांत वाढ दिसली, पण ती अशाच घरांत दिसली जिथे टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींविषयी आईवडील मुलांशी एरवीही बोलत असत. जिथे असे बोलणे होत नव्हते, तिथे तीच मालिका पाहूनही हा फायदा दिसला नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका निष्कर्षावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : कार्यक्रमाआधी मूल पाहावे

कोणती गोष्ट दाखवायची हे मोबाइलवर फिरणाऱ्या ‘उत्तम दहा कार्यक्रम’ अशा याद्यांवरून ठरवू नये, मुलाकडे पाहून ठरवावे. आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी. मुलाचे दिवसातून केव्हा बिनसते, कशावरून बिनसते आणि बिनसल्यावर ते काय करते, असे तीन रकाने पुरेत. शाळेची व्हॅन आली की पोट दुखू लागते, मामेभाऊ येणार म्हटले की खेळणी पलंगाखाली जातात, सापशिडीत सापाने गिळले की पट उधळला जातो, धाकट्या बहिणीच्या बारशानंतर अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते. अशा नोंदी ओळीने वाचल्या की त्या महिन्याचा विषय कोणता हे निराळे शोधावे लागत नाही. एका वेळी एकच विषय घ्यावा.

नोंद करताना शब्दांची कंजुषी करू नये. बहुतेक घरांत मुलाच्या प्रत्येक अवस्थेला ‘रडतोय’ नाही तर ‘चिडलाय’ असे म्हणून मोकळे होतात. ते मूल प्रत्यक्षात हिरमुसलेले असते, बावरलेले असते, ओशाळलेले असते, रुसलेले असते किंवा नुसतेच दमलेले असते. वहीत नेमका शब्द लिहिला की पुढे गोष्ट पाहतानाही तोच शब्द तोंडी येतो आणि मुलाला आपल्या मनातल्या गोंधळासाठी नाव मिळते.

दुसरी पायरी : गोष्ट पारखून घ्यावी

निवडलेल्या मालिकेचा किमान एक पूर्ण भाग मोठ्या माणसाने आधी एकट्याने, शेवटपर्यंत पाहावा. पहिली दोन मिनिटे पाहून ‘चांगला दिसतोय’ असे ठरवणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे, कारण जे पारखायचे ते गोष्टीच्या मध्यावर आणि शेवटी असते.

पहिली पारख गतीची. व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेला प्रयोग पालकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. मुलांचे तीन गट करून एका गटाला नऊ मिनिटे वेगवान कार्टून दाखवले, दुसऱ्याला तेवढाच वेळ संथ, बोधपर कार्टून दाखवले आणि तिसऱ्याला चित्रे काढायला बसवले. वेगवान कार्टूनमध्ये सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होते, तर संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. लगेचच घेतलेल्या चाचण्यांत थांबणे, वाट पाहणे, सूचना लक्षात ठेवून त्याप्रमाणे वागणे या बाबतींत वेगवान कार्टून पाहिलेली मुले मागे पडली. लिलार्ड यांच्या पुढच्या प्रयोगांत वेगापेक्षाही एकामागून एक घडणाऱ्या अशक्यप्राय घटनांचा वाटा मोठा असल्याचे दिसले. हा तात्काळ दिसलेला परिणाम आहे, त्यावरून मुलाचे कायमचे नुकसान होते असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण ज्या कार्यक्रमाने मुलाला शांत होण्यास शिकवावे अशी आपली अपेक्षा आहे, तोच पाहून मूल आवरेनासे होत असेल तर निवड चुकली आहे. घरच्या घरी तपासायचे तर घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात गोष्टीतली जागा किती वेळा बदलते ते बोटांवर मोजावे. दोन-तीनदा बदलली तर ठीक. हाताची पाच बोटे संपत असतील तर तो कार्यक्रम करमणुकीपुरता ठेवावा.

दुसरी पारख मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे भांडण किती वेळ चालते आणि समेटाला किती वेळ दिला आहे. अनेक गोष्टींमध्ये चिडवणे, कट्टी करणे, खेळातून वगळणे हे आठ-नऊ मिनिटे रंगते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे एकमेकांना मिठी मारतात. मोठ्यांना त्यातून क्षमाशीलतेचा धडा दिसतो. चार वर्षांचे मूल मात्र शेवटचा प्रसंग सुरुवातीच्या प्रसंगाशी जोडू शकेलच असे नाही, आणि त्याच्या लक्षात राहतो तो रंगलेला भाग. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोधपर कार्यक्रम अधिक पाहणाऱ्या बालवाडीच्या मुलांमध्ये ‘तुला आमच्यात घेणार नाही’ या प्रकारचे वागणे अधिक आढळले, आणि संशोधकांनी त्याचे एक संभाव्य कारण हेच सांगितले. म्हणून ज्या गोष्टीत बिनसलेले सावरण्याची क्रिया सावकाश, टप्प्याटप्प्याने दाखवली आहे, ती निवडावी.

तिसरी पारख बोधाची. २००८ मध्ये मेरी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला, ज्यात तीन पायांच्या कुत्र्याला इतर कुत्री आधी घाबरतात आणि नंतर स्वीकारतात. बनवणाऱ्यांना सांगायचे होते की वेगळ्या दिसणाऱ्यांना दूर लोटू नये. मुलांना विचारले तेव्हा बहुतेकांना समजलेला धडा तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागावे, एवढाच होता. हसू येते खरे, पण त्यात मुलांची चूक नाही. या वयात विचार असाच समोरच्या वस्तूला धरून चालतो. त्यामुळे रूपकाच्या आडून मोठा बोध देणाऱ्या गोष्टीपेक्षा मुलाच्या रोजच्या आयुष्याशी थेट जुळणारी गोष्ट अधिक उपयोगी पडते. शाळेत सोडायला आलेली आई संध्याकाळी परत येते, हे मुलाला पटवायचे असेल तर घरटे सोडून उडालेल्या चिमणीपेक्षा शाळेच्या फाटकापाशी उभे असलेले पात्र बरे.

पेच कोणत्या मार्गाने सुटतो तेही पाहावे. ‘छोटा भीम’ २००८ पासून मुलांचा लाडका आहे आणि त्याच्या धाडसाचा आनंद मुलांना खुशाल घेऊ द्यावा. परंतु लाडू खाऊन अंगात बळ येते आणि बळाने प्रश्न मिटतो अशा गोष्टीकडून राग आवरण्याचे शिक्षण मागू नये, ते तिचे कामच नाही.

भाषेची चिंता पालक फार करतात. पुण्यातली मुले मराठी, हिंदी आणि इंग्रजी कार्यक्रम एकाच बैठकीत पाहतात. ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये हिंदीतून आले आणि मराठी घरांतल्या मुलांनीही त्यातल्या चमकी या बाहुलीला आपली मैत्रीण मानले. कार्यक्रम कोणत्याही भाषेत असो, त्यावरचे बोलणे मात्र मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत करावे.

मराठीतून मुलांसाठी दर्जेदार काही बनवण्याची परंपरा या शहराला आहे, हे जाता जाता सांगायला हवे. सेनापती बापट रस्त्यावरच्या ‘बालचित्रवाणी’ने १९८४ पासून दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले, आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली याची खंत या क्षेत्रातल्या अनेकांना आजही आहे. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, ‘एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन’ची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती, तरी घरातल्याच वस्तू घेऊन मोठ्यांसह काही करून पाहण्याची तिची पद्धत धाकट्यांच्या पालकांनीही उचलावी अशी आहे.

तिसरी पायरी : वेळ आणि जागा

इथे फार विवेचनाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असून त्याहून कमी वेळ असेल तर उत्तम. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक तासाच्या आतच राहण्याचा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यापासून दूर ठेवावे. त्या वयात पडद्यावर पाहिलेले मुलाला समोरच्या माणसाकडून शिकल्याइतके उमगत नाही.

मोबाइलपेक्षा भिंतीवरचा टीव्ही चांगला, कारण तो दोघांना मिळून पाहता येतो आणि मुलाचा चेहरा आपल्याला दिसत राहतो. जेवण आणि झोपण्याआधीचा तास यांत टीव्ही नसावा. वरणभाताचा घास भरवण्यासाठी लावलेल्या गोष्टीत मूल ना घासाकडे लक्ष देते ना गोष्टीकडे. संध्याकाळी बागेतून आल्यावर, हातपाय धुऊन, दिवेलागणीच्या सुमारास एक भाग, ही वेळ बहुतेक घरांना मानवते.

चौथी पायरी : पाहताना काय बोलावे

शेजारी बसणे म्हणजे सतत प्रश्न विचारणे नव्हे. ‘हा कोणता रंग?’, ‘किती पक्षी आहेत?’ अशी सरबत्ती सुरू झाली की गोष्टीचा धागा तुटतो आणि मुलाला परीक्षेला बसल्यासारखे वाटते. एक आजी मटार सोलत नातीशेजारी बसलेल्या आहेत आणि पडद्यावर अस्वलाच्या पिल्लाने रचलेला ठोकळ्यांचा मनोरा त्याच्या मित्राच्या धक्क्याने कोसळला आहे, असे समजू. त्यांचे बोलणे असे होते :

“अगं बाई, मनोरा पडला की गं.”

“त्याने पाडला.”

“हं. पिल्लाचं तोंड बघ कसं झालंय.”

“रडणारे ते.”

“मला वाटलं, ओरडेल.”

नात थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, “आधी ओरडेल, मग रडेल.”

या आजींनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी जे दिसले ते म्हटले, चेहऱ्याकडे लक्ष वेधले आणि आपला एक अंदाज सांगितला, जो चुकीचाही असू शकतो. तेवढ्याने नातीने दोन भावनांचा क्रम स्वतः लावला. राग आणि दुःख एकामागून एक येतात ही समज पुष्कळ मोठ्यांनाही नसते. एका भागात अशी दोन-तीन वाक्ये पुरतात. बाकीचा वेळ मटार सोलावेत.

जे टाळायचे ते एकच, पण मोह फार होतो. पडद्यावरचे पात्र हट्ट करू लागले की आपल्या तोंडून निसटते, “बघ, तूपण अश्शीच करतेस ना?” त्या क्षणी गोष्ट संपते आणि खटला सुरू होतो. गोष्टीचा सगळा उपयोगच यात आहे की तिथे चूक करणारा दुसरा कोणी असतो, त्यामुळे मुलाला त्या चुकीकडे न घाबरता पाहता येते. तुलना करायची असेल तर ती मुलाला करू द्यावी. आठवड्याने, आंघोळ करताना, “मीपण त्या पिल्लासारखी ओरडले होते” असे त्याने आपणहून म्हटले तर त्याला “हो, आठवतंय मला” एवढेच उत्तर द्यावे.

पाचवी पायरी : बंद करताना

टीव्ही बंद करण्यावरून होणारा आकांत हा पुष्कळदा आपल्या पद्धतीचा दोष असतो. गोष्टीच्या ऐन मध्यावर बटण दाबले तर मोठा माणूससुद्धा वैतागेल. वेळ मिनिटांत न मोजता गोष्टीत मोजावी, म्हणजे ‘वीस मिनिटे’ न म्हणता ‘एक गोष्ट’ म्हणावे, कारण या वयात मिनिटांचा अदमास नसतो आणि गोष्टीचा शेवट मात्र कळतो. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी, ती मुलांच्या सोयीसाठी केलेली नाही. शेवटचे गाणे लागले की रिमोट मुलाच्या हाती द्यावा आणि बंद त्यालाच करू द्यावे. पहिले काही दिवस तो पुन्हा लावेल. न चिडता पुन्हा बंद करायला सांगावे.

सहावी पायरी : तीच गोष्ट पुन्हा, आणि मग खेळात

“तोच भाग कितीदा पाहायचा?” अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मालिकेच्या निर्मात्यांनी सोमवार ते शुक्रवार रोज एकच भाग दाखवण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला. संशोधकांनी पाहिले तेव्हा मुलांना कंटाळा येण्याऐवजी त्यांची समज वाढत गेली आणि पडद्यावरच्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरे देण्याचा उत्साहही वाढला. पहिल्यांदा पाहताना मूल काय घडते हे पाहते, पुढच्या वेळी ते का घडले याकडे त्याचे लक्ष जाते. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने भीतीदायक प्रसंगही त्याला पेलतो. म्हणून निवडलेला भाग आठवडाभर तोच ठेवावा.

आठवड्याच्या मध्यावर गोष्ट पडद्यावरून जमिनीवर आणावी. भातुकलीची भांडी, उशा, ओढणी, कणकेचा गोळा, काहीही चालते. मुलाला कोणते पात्र व्हायचे आहे ते त्याला ठरवू द्यावे. पुष्कळदा मूल त्रास देणारे पात्र मागते, त्याने घाबरून जाऊ नये. रोज ज्याला शाळेत ढकलले जाते ते मूल एकदा ढकलणारा होऊन पाहते, त्यात त्याचा जीव हलका होतो. खेळात शेवट बदलला तर बदलू द्यावा. शेवट दुरुस्त करण्याची घाई मोठ्यांनाच असते.

पुण्यातल्या पालकांना आणखी एक वाट मोकळी आहे. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनची ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळ थिएटर अकॅडमीच्या माध्यमातून इथे आणली. तिच्यात पऱ्या-राक्षस नसतात. मोठी माणसे मुलांवर कसा अन्याय करतात, एकटेपणा कसा वाटतो, हे मुलांच्या बाजूने मांडले जाते आणि मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. ती नाटके बहुतेक थोड्या मोठ्या मुलांसाठी असतात, पण सहाव्या वर्षाच्या आसपास एखादा प्रयोग जरूर दाखवावा. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनसारख्या ठिकाणी मुलांना खेळातून, नाट्यातून जे मोकळेपण मिळते, ते एकट्या पडद्याला साधणारे नाही.

सातवी पायरी : गोष्टीतले वाक्य घरात रुळवावे

‘डॅनियल टायगर’च्या प्रत्येक भागात एक छोटी गाण्याची ओळ असते, उदाहरणार्थ फार राग आला तर खोल श्वास घेऊन चारपर्यंत मोजावे अशा अर्थाची. ही मालिका ज्यांच्या कामातून उगवली त्या फ्रेड रॉजर्स यांनी १९६८ ते २००१ या काळात ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा अतिशय संथ कार्यक्रम चालवला. मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसशास्त्रज्ञ त्यांना वर्षानुवर्षे सल्ला देत असत. १ मे १९६९ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या निधीसाठी बोलताना रॉजर्स यांनी आपल्या एका गाण्याचे शब्द म्हणून दाखवले, ज्यात रागावलेल्या मुलाला आपण मध्येच थांबू शकतो याची जाणीव होते. भावना बोलता आली की ती हाताळता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि समितीचे कडक म्हणून ओळखले जाणारे अध्यक्ष जॉन पास्टोरे यांना तो पटला.

आपल्या घरासाठी अशी ओळ मराठीत बनवावी. “चार श्वास, मग खास” असली बाळबोध यमकेही चालतात. मुलाने जुळवलेली असली तर फारच उत्तम. ती शिकवायची ती मूल शांत असताना, खेळता खेळता. राग भडकलेला असताना नवे काही शिकता येत नाही, आठवते ते आधी तोंडात बसलेलेच. ऐन रागात “श्वास घे, श्वास घे” असे ओरडण्याऐवजी आपणच शेजारी बसून तो घ्यावा. कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत कोणी गाडी आडवी घातल्यावर बाबांनी मोठ्याने हीच ओळ म्हटली, तर मुलावर तिचा जो परिणाम होतो तो शंभर भागांनी होणार नाही.

भीती वाटली तर

अमेरिकी संशोधक जोॲन कँटर यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या भीतीवर जे संशोधन केले त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘इन्क्रेडिबल हल्क’ हा नायक माणसाचा हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवतो, हे मोठ्या मुलांना कळत होते. बालवाडीची मुले मात्र त्याचे रूप पालटताना सर्वांत जास्त घाबरत होती, कारण त्यांच्या लेखी दिसणे हेच खरे असते. म्हणूनच “अरे, ते खोटं असतं” हे उत्तर या वयात चालत नाही. तिथे जवळ घेणे, पाणी देणे, दिवा लावणे, पडदा बंद करणे हे आधी करावे. दुसऱ्या दिवशी उजेडात त्या पात्राचे चित्र काढावे आणि त्याला मुलाच्या मर्जीप्रमाणे झबले, टोपी, मिशा चढवाव्यात. घाबरल्याबद्दल थट्टा कोणीही, विशेषतः मोठ्या भावंडांनी, करता कामा नये.

मृत्यूची गोष्ट

एका प्रसंगी टीव्हीवरच्या गोष्टीची मदत सर्वांत जास्त होऊ शकते आणि नेमके तेव्हाच घरातले मोठे गप्प होतात. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकी मालिकेतील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांना दुसरा नट घेता आला असता, किंवा हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले असे दाखवता आले असते. त्यांनी तज्ज्ञांशी बोलून आणि लहान मुलांना आधी दाखवून पाहून खरे सांगायचे ठरवले, आणि २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे घरात मोठी माणसे असतील अशा वेळी, तो भाग दाखवला. त्यात बिग बर्ड हे पक्ष्याच्या रूपातले पात्र सर्वांची चित्रे काढून वाटते, हूपर यांचे चित्र घेऊन त्यांना शोधू लागते, आणि मोठी माणसे त्याला सांगतात की ते वारले आहेत आणि परत येणार नाहीत. बिग बर्ड रागावतो, असे का म्हणून विचारतो, आणि त्याला या प्रश्नाचे पटेलसे उत्तर मिळत नाही. उत्तर नाही हेही त्या मोठ्यांनी मान्य केले, हे मला त्या भागातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे आजोबा गेल्यावर मुलाला सांगितले जाते की आजोबा गावाला गेले, झोपले, देवबाप्पाकडे गेले किंवा तारा झाले. हेतू मायेचाच असतो. पण ‘गावाला गेले’ ऐकलेले मूल स्वारगेटला एसटी दिसली की आजोबा उतरतील म्हणून पाहत राहते, आणि ‘झोपले’ ऐकलेले मूल रात्री झोपायला घाबरू लागते. श्रद्धेची भाषा घरात असेल तर ती जरूर वापरावी, मात्र तिच्या आधी तीन साध्या गोष्टी सांगाव्यात : आजोबा वारले, म्हणजे त्यांचे शरीर काम करायचे थांबले, ते परत येणार नाहीत, आणि हे तुझ्या कोणत्याही वागण्यामुळे झाले नाही. तिसरे वाक्य विसरू नये, कारण ‘मी त्यांच्याशी कट्टी केली होती’ अशी समजूत करून घेणारी मुले थोडी नसतात.

त्यानंतर, लगेच नव्हे तर काही दिवसांनी, एखाद्या पात्राने जवळचे कोणी गमावल्याची सौम्य गोष्ट मिळून पाहावी. आपल्याला रडू आले तर ते लपवू नये. “मला आजोबांची आठवण आली” असे म्हणून डोळे पुसावेत. मूल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल आणि मध्येच खेळायला पळेल. मुलांचे दुःख असेच तुकड्यातुकड्यांनी चालते.

बालवाडी आणि पाळणाघरासाठी

वीस-पंचवीस मुलांच्या गटात एकेकाशी बोलणे शक्य नसते, म्हणून पद्धत थोडी बदलावी. आठवड्यातून एकदाच, दहा मिनिटांच्या आतली गोष्ट, आणि ती मध्ये दोनदा थांबवून. पहिल्या थांब्याला मुलांनी पात्रासारखा चेहरा करून दाखवावा, दुसऱ्या थांब्याला शेजारच्याला ‘आता काय होईल’ ते सांगावे. जी मुले बोलत नाहीत त्यांना चेहऱ्यांच्या चित्रांपैकी एकावर बोट ठेवता येते. मावशींना आवरासावर करायची आहे म्हणून लावलेला टीव्ही आणि हा तास यांत मुलांना फरक दिसावा यासाठी जागा, सतरंजी, सुरुवातीचे गाणे ठरलेले असावे. त्या आठवड्याची गोष्ट कोणती आणि ओळ कोणती, हे पालकांच्या ग्रुपवर दोन वाक्यांत कळवले की घरीही तोच धागा पुढे जातो.

टीव्ही पुरेसा नसतो तेव्हा

मूल टीव्हीशिवाय शांतच होईनासे झाले, प्रत्येक रडण्यावर पडदा हाच उतारा ठरू लागला, तर काही काळ तो पूर्ण बाजूला ठेवावा. मांडी, बाग आणि कंटाळा यांना त्यांची जागा परत द्यावी. आणि काही गोष्टींत कथेवर अवलंबून राहू नये. झोप किंवा भूक अनेक आठवडे बिघडलेली आहे, येत असलेले बोलणे किंवा शी-शूची सवय मागे गेली आहे, मूल स्वतःला किंवा इतरांना वारंवार इजा करत आहे, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, खेळातला रस संपला आहे, यांपैकी काही दिसले तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने बालमानसतज्ज्ञांकडे जावे. पहिल्या पायरीतली वही सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. कुठे जावे हे कळत नसेल तर केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध आहे, आणि पालक स्वतःच थकून गेले असतील तर त्यांनी स्वतःसाठीही तो लावावा.